४० एचपीचा कॉम्प्रेसर लावला की ६२.५ केव्हीएचा जनरेटर मान का टाकतो?

शॉपफ्लोअर
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. कागल एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) आणि मागच्या शेडमध्ये ग्रिट ब्लास्टिंगची, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून गंज काढायची केबिन. हवेसाठी ३० किलोवॅटचा, म्हणजे ४० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर. लाइट गेली की जॉब अर्धवट अडकतात, टूल मोडतं, म्हणून चार महिन्यांपूर्वी एक जुना डीजी (डिझेल जनरेटर) घेतला. विकणाऱ्याचा हिशेब असा : "इंजिन ७५ एचपीचं, तुमचा कॉम्प्रेसर ४०. अर्ध्यावरच चालेल साहेब, झोपा काढेल मशीन."

प्रत्यक्षात झोप माझी उडालीय. सीएनसी आणि दिवे यांना काही अडचण नाही. पण कॉम्प्रेसरचं बटण दाबलं की आधी घुंईऽऽ करून उचलतो, आठ-दहा सेकंदांनी स्टार-डेल्टाचा (मोटर आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेजवर टाकणाऱ्या स्टार्टरचा) खट्ट आवाज येतो आणि त्याच क्षणी डीजी गुरगुरतो, दिवे पिवळे पडतात, काँटॅक्टर तडतडतात आणि दोन्ही लेथ अलार्म देऊन उभ्या. तीनदा प्रयत्न केला की एकदा लागतो. एकदा लागला की मग चालतो, पण काळा धूर ओकत.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो कॉम्प्रेसर खराब. कॉम्प्रेसरवाला म्हणतो डीजी खराब. दोघांच्या मध्ये मी. ७५ मधून ४० वजा केले तर ३५ उरतात ना? मग ते ३५ जातात कुठे? जाणकारांनी सांगावं.

---

तांबडा_पांढरा
सोमवार, रात्री १०:५२

उरलेले ३५ घोडे विकणाऱ्याच्या तबेल्यात गेले भावा.

(जागा धरून बसतोय. आमच्या डेअरीतपण हाच वांदा आहे.)

---

पाना_नंबर_१२
सोमवार, रात्री ११:२०

डीजीच्या कामात बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं ठासून लिहितो. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळलेत. ७५ हे इंजिनच्या शाफ्टवरचे एचपी. ६२.५ हे अल्टरनेटरचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचे केव्हीए. ४० हे मोटरच्या शाफ्टवरचे एचपी. आणि तुमच्या डीजीला जे खरं ओझं पडतं ते यातलं एकही नाही.

सुरुवात इंजिनपासून करू. ७५ एचपी म्हणजे ५६ किलोवॅट. अल्टरनेटर ९१ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो, म्हणजे टर्मिनलवर साधारण ५० किलोवॅट. ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी खऱ्या कामाचा वाटा) धरून त्याचेच ६२.५ केव्हीए होतात. इथपर्यंत विकणारा खोटं बोललेला नाही.

आता दुसरी बाजू. कॉम्प्रेसरवर ३० किलोवॅट लिहिलंय ते मोटर शाफ्टवर किती देऊ शकते ते. लाइनमधून किती ओढते ते नव्हे. शिवाय बहुतेक स्क्रू कॉम्प्रेसरवाले मोटर तिच्या सर्व्हिस फॅक्टरमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या आकड्यापलीकडच्या सवलतीत ढकलतात. ३० ची मोटर फुल लोडला ३३ देते. मोटरची कार्यक्षमता ९३ टक्के धरली तर लाइनमधून साडेपस्तीस, वर कूलिंग फॅन एक किलोवॅट. झाले साडेछत्तीस. याला ०.८६ पॉवर फॅक्टरने भागा : साडेबेचाळीस केव्हीए. अँपिअरमध्ये ५९. टाँगटेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावून बघा, ५९ नाही तरी ५७-५८ दाखवेल. मोटरच्या प्लेटवर मात्र ५२ लिहिलेलं असेल.

एक काम करा. डीजीची नेमप्लेट फडक्याने पुसा आणि जे जे लिहिलंय ते इथे टाइप करा. एकही अक्षर गाळू नका.

---

शॉपफ्लोअर
मंगळवार, सकाळी ९:१५

पुसली. वर ग्रीसचा थर होता, त्याखाली दोन ओळी निघाल्या!

स्टँडबाय ६२.५ केव्हीए. प्राइम ५६ केव्हीए. पॉवर फॅक्टर ०.८, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १५०० आरपीएम.

टाँगटेस्टरने कॉम्प्रेसर लोडवर, म्हणजे हवा दाबत असताना ५८ दाखवले. पाना_नंबर_१२, तुम्ही काय बाजूच्या शेडमध्ये बसलाय का?

---

पाना_नंबर_१२
मंगळवार, सकाळी ९:४०

ग्रीस आपोआप बसतं तसं कधी कधी बसवलंही जातं. असो.

स्टँडबाय म्हणजे लाइट गेली तरच, तेही वर्षाला साधारण २०० तासांपर्यंत आणि बदलता लोड धरून. त्यावर ओव्हरलोडची सवलत शून्य. प्राइम म्हणजे बदलता लोड कितीही तास चालवा, पण चोवीस तासांची सरासरी ७० टक्क्यांच्या आत ठेवा. बारा तासांतून एक तास १० टक्के जास्त मागितलं तर देतो. तिसरा प्रकार कंटिन्युअस, म्हणजे एकच लोड अखंड. तो आकडा याहूनही कमी. आयएसओ ८५२८ नावाच्या स्टँडर्डमध्ये हे प्रकार बांधून दिलेत. एकाच यंत्राला तीन आकडे आणि तिन्ही खरे. बाजारात सांगितला जातो तो सगळ्यात मोठा.

तुमचा प्राइम ५६ केव्हीए, गुणिले ०.८ म्हणजे ४५ किलोवॅट. कॉम्प्रेसर साडेछत्तीस आणि मशीनं साधारण दहा. झाले साडेशेचाळीस. काळा धूर त्याचाच. पंपाने डिझेल पूर्ण उघडलंय आणि ते जाळायला हवा पुरत नाही.

---

निवृत्त_वायरमन
मंगळवार, दुपारी २:०५

इचलकरंजीत सूतगिरणीत हयात गेली, चार गोष्टी मीही सांगतो.

केव्हीए आणि केडब्ल्यूचा गोंधळ पोरांना समजावताना मी एवढंच म्हणायचो : केव्हीए म्हणजे तांबं, केडब्ल्यू म्हणजे डिझेल. अल्टरनेटरच्या वाइंडिंगला करंटशी मतलब, तो करंट कामाचा असो की नुसता चुंबक तयार करण्यात फिरणारा असो. तांबं दोन्हीने सारखंच तापतं. इंजिनला मात्र फक्त खऱ्या कामाचं ओझं कळतं. म्हणून डीजीला दोन स्वतंत्र हद्दी असतात. दोन्ही पाळाव्या लागतात. पॉवर फॅक्टर ०.९५ केला म्हणून ६२.५ केव्हीएमधून ५९ किलोवॅट निघत नाहीत, कारण इंजिनच तेवढं नाही. हा प्रश्न पोरं हमखास विचारायची.

यावरूनच एक सावधगिरी. पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक असेल तर डीजीवर जाताना ती कापली जाते का बघा. कमी लोडवर कपॅसिटर तसेच राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो (करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो), अल्टरनेटरचा एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) गोंधळतो आणि व्होल्टेज वर चढतं. आमच्याकडे एका रात्री अख्ख्या खात्याच्या ट्यूबलाइट गेल्या होत्या.

आता तुमचा मूळ आजार. चालू होतानाचा करंट. मोटर थेट लावली तर सहा-साडेसहा पट ओढते, म्हणजे ३४० अँपिअर. स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा, ११३. तुमच्या डीजीचा पूर्ण करंट ८७. अल्टरनेटर थोडा वेळ ११३ सोसतो, व्होल्टेज थोडं वाकतं, म्हणून "घुंईऽऽ" पर्यंत निभावतं. पण स्टारमध्ये मोटरची ताकदही तिसरा हिस्साच. तेवढ्यात ती पूर्ण वेगाला पोचली नाही आणि टायमरने डेल्टात टाकली, की झटका जवळपास थेट लावल्यासारखाच बसतो. खट्ट आवाजाला मान टाकतो म्हणालात, तिथेच निदान झालं.

मोटर वेगाला का पोचत नाही? माझा अंदाज, लाइट गेल्यावर लगेच डीजी लावून लगेच बटण दाबता. ऑइल टाकीतला दाब अजून उतरलेला नसतो. दाबाविरुद्ध मोटर उचलायला जाते. दीड-दोन मिनिटं थांबा, टाकीचा काटा खाली आला की मग लावा. आणि आधी कॉम्प्रेसर, मग सीएनसी. उलट करू नका.

---

शॉपफ्लोअर
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

काका, तुमच्या पाया पडतो. आज दुपारी लाइट गेली. सीएनसीचे एमसीबी पाडले, चहा मागवला, काटा उतरेपर्यंत थांबलो आणि लावला. पहिल्या फटक्यात लागला! दिवे पिवळे झाले, पण विझले नाहीत. मग एकेक करून मशीनं चढवली.

धूर आहेच. आणि डिझेलचं काय? टाकी काठोकाठ भरून तीन तास चालवलं, परत काठापर्यंत भरायला ३३ लिटर लागलं. हे जास्त की बरोबर?

---

उष्मागतिकी
मंगळवार, रात्री ९:१०

बरोबर आहे, पण बघू तर पैसे जातात कुठे. मी इंजिनिअरिंगच्या पोरांना थर्मोडायनॅमिक्स शिकवायचो, त्यामुळे खोड आहे.

एक लिटर डिझेलमध्ये उष्णतेच्या रूपात सुमारे १० युनिट असतात. चांगल्या लोडवर चांगला डीजी त्यातून साडेतीन युनिट वीज काढतो. तुमचा कॉम्प्रेसर कधी लोडवर, कधी अनलोडवर (हवा न दाबता नुसता फिरत). सरासरी ३७-३८ किलोवॅट धरू. तीन तासांत ११२ युनिट. भागिले ३३, म्हणजे लिटरला ३.४. तुमचं इंजिन ठणठणीत आहे. डिझेल ९० रुपये धरलं तर नुसत्या इंधनाचा खर्च युनिटमागे २६ रुपयांच्या पुढे.

आता कॉम्प्रेसर. कॅटलॉगमध्ये किती सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) लिहिलंय? ७ बारला १८५ च्या आसपास असावेत. मिनिटाला ५.२४ घनमीटर. एवढी हवा ७ बारपर्यंत दाबायला, तापमान वाढू न देता अगदी आदर्श पद्धतीने दाबली तर, किती शक्ती लागते याचं सूत्र सोपं आहे : सुरुवातीचा दाब, गुणिले दर सेकंदाची हवा, गुणिले दाबांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. उत्तर १८.३ किलोवॅट येतं. तुम्ही ओढता साडेछत्तीस. म्हणजे कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ५० टक्के.

लोक ऐकून दचकतात, कारण ब्रोशरवर ९३ किंवा ९५ टक्के छापलेलं असतं. ते मोटरचं. हवा दाबण्याचं नव्हे. ५० टक्के हा या आकाराच्या स्क्रूला वाईट आकडा नाही.

आणि पुढे पाइपमधली घट, गळती, रेग्युलेटर, शेवटी त्या एअर गनची किंवा इम्पॅक्ट रेंचची स्वतःची कार्यक्षमता. मोटरला दिलेल्या शंभर युनिटांपैकी प्रत्यक्ष यांत्रिक काम म्हणून दहाएक हाती लागतात. डीजीवर चालवताना डीजीचे पस्तीस टक्के आणि हे दहा टक्के एकमेकांत गुणले जातात. लिटरभर डिझेल जाळून नटबोल्टपर्यंत पोचतं साधारण ३५ मिलिलिटरचं काम. कटिंग चहाचा अर्धा ग्लास. बाकी सगळं शेड तापवायला.

---

गरम_चंद्रपूर
मंगळवार, रात्री ९:५५

शेड तापवायला!! आमच्याकडे मे महिन्यात ते फुकट मिळतं, त्यासाठी डिझेल लागत नाही.

अनुभव सांगतो. आमचा कॉम्प्रेसर एका कोंदट खोलीत होता. उन्हाळ्यात बाहेर ४६ आणि त्याची स्वतःची गरम हवा बाहेर न जाता परत त्याच्याच तोंडाशी. आत ५५. रोज दुपारी एक ते चार ट्रिप, ऑइलचं तापमान ११० च्या घरात. सर्व्हिसवाल्याने दोनदा तेल बदललं, एकदा थर्मोस्टॅट. शेवटी पत्र्याचा एक डक्ट केला, गरम हवा छपराबाहेर काढली आणि सावलीच्या बाजूने खिडकी पाडली. ट्रिपिंग बंद. आत येणारी हवा दर ४ अंश गरम झाली की त्याच कामाला सुमारे १ टक्का वीज जास्त लागते, हेही नंतर कळलं.

डीजीलाही तेच. कॅनोपीच्या तोंडाशी गोणपाटाचे ढीग लावणारे लोक आहेत आमच्याकडे.

---

लेहवाला
बुधवार, सकाळी ७:१०

जुलैपासून लेहमध्ये रस्त्याच्या कामावर आहे, म्हणून उंचीचं सांगतो. इथे ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. कागल-कोल्हापूर साडेपाचशे-सहाशे मीटर, तुम्हाला काळजी नाही. इथे मात्र बिनटर्बोचं इंजिन तिसरा हिस्सा गमावून बसतं. वर रॉक ड्रिलचा डिझेल कॉम्प्रेसर. प्लेटवर सीएफएम तेच, कारण सीएफएम म्हणजे आत ओढलेल्या हवेचं आकारमान. पण ती हवाच विरळ. ड्रिलला लागतं वजन. पुण्याहून आलेला आमचा ऑपरेटर पहिले आठ दिवस कॉम्प्रेसरला शिव्या घालत होता.

---

सांगली_गॅरेज
बुधवार, सकाळी ११:३०

सीएफएमचा विषय निघाला म्हणून माझी जखम उघडी करतो. दोन वर्षांपूर्वी १० एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर घेतला. पावतीवर ५० सीएफएम. दोन इम्पॅक्ट रेंच एकदम लावल्या की दम संपायचा. एका जाणत्या माणसाने सांगितलं, टाकी भरायला किती वेळ लागतो ते मोज.

टाकी ५०० लिटर. पूर्ण रिकामी केली, पुढचा व्हॉल्व्ह बंद, मोबाइलवर स्टॉपवॉच. शून्य ते ७ बार म्हणजे ५०० गुणिले ७, साधारण ३५०० लिटर मोकळी हवा आत कोंबायची. ५० सीएफएम म्हणजे मिनिटाला १४०० लिटर, अडीच मिनिटांत भरायला पाहिजे. लागली साडेतीन मिनिटं. म्हणजे हजार लिटर. ३५ सीएफएम.

भांडायला गेलो तर म्हणाला, "५० हे पिस्टन डिस्प्लेसमेंट आहे." म्हणजे पिस्टनचा व्यास, स्ट्रोक आणि फेरे यांचा गुणाकार. प्रत्यक्ष बाहेर पडते ती हवा, एफएडी, ती वेगळी. कागदावर तो खोटा नव्हता. तेव्हापासून पावतीवर "एफएडी, इतक्या बारला" असं लिहून घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही.

---

तांबडा_पांढरा
बुधवार, सकाळी ११:४१

आमच्या डेअरीत दूध पण डिस्प्लेसमेंटवर मोजायला लागू काय? फेसासकट.

---

पाना_नंबर_१२
बुधवार, दुपारी १:००

😄 फेसाचं उदाहरण चपखल आहे.

शॉपफ्लोअर, आता मुख्य प्रश्न. इतका वेळ आपण सगळे डीजीवर ४० एचपी कसा चालेल ते बघतोय. लाइट गेल्यावर तो चालवायचाच कशाला? कुठल्या मशीनला किती हवा लागते ते सांगा.

---

शॉपफ्लोअर
बुधवार, रात्री ८:४५

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता, मीही स्वतःला नाही.

सीएनसीला चक आणि दरवाजा, व्हीएमसीला टूल चेंज. मॅन्युअलमध्ये बघितलं, तिन्ही मिळून १०-१२ सीएफएम. बाकी सगळं ब्लास्टिंग. नोझल ६ मिलिमीटरचं आहे.

---

उष्मागतिकी
बुधवार, रात्री ९:२०

६ मिलिमीटरच्या भोकातून ६ बारला सुमारे ८० सीएफएम जातात. ८० आणि १२, झाले ९२. तुमचा कॉम्प्रेसर देतो १८५. उरलेले कुठे जातात? कॉम्प्रेसर अनलोडला किती वेळ असतो?

---

शॉपफ्लोअर
बुधवार, रात्री ९:३२

ब्लास्टिंग चालू असताना फारसा नाही. दोन तृतीयांश वेळ लोडवरच.

---

निवृत्त_वायरमन
बुधवार, रात्री ९:५०

मग गळतंय. रविवारी कुणी नसताना जा. सगळ्या लाइनी उघड्या ठेवा, हवा वापरणारं एकही मशीन चालू नको. कॉम्प्रेसर लावा आणि लोडवर किती सेकंद, अनलोडवर किती सेकंद एवढं लिहून काढा. दहा वेळा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, ती तुमची गळती.

आणि कान उघडे ठेवा. गिरणीत आम्ही रात्रपाळी संपल्यावर हेच करायचो.

---

शॉपफ्लोअर
रविवार, दुपारी १:१५

जाऊन आलो. बायकोला सांगितलं कॉम्प्रेसरचं नाडी परीक्षण करायला चाललोय, ती म्हणाली डबा घेऊन जा.

सरासरी निघाली : लोडवर ३६ सेकंद, अनलोडवर १०८. म्हणजे ३६ भागिले १४४. पंचवीस टक्के! १८५ मधले ४६ सीएफएम कुणीही काहीही न करता हवेत. हिशेब केला तर नऊ किलोवॅट. रोज दहा तास आणि माझ्या बिलात सगळं धरून युनिटला दहाएक रुपये, म्हणजे रोजचे ९०० रुपये निव्वळ फुस्स.

आता कान उघडे ठेवल्यावर काय ऐकू आलं ते. शेड शांत असलं की वेगळंच जग असतं. दोन नंबर लेथच्या मागे एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर) वाटीखालून नागासारखा फुत्कार. ब्लास्टिंगच्या रबरी होजवर कुणीतरी तार गुंडाळलेली, तिच्याखाली साबणाचं पाणी टाकलं तर भातासारखे बुडबुडे. ड्रेन व्हॉल्व्ह अर्धा उघडा, कारण "पाणी जाऊ दे म्हणून ठेवलाय मालक". आणि सगळ्यात कहर म्हणजे व्हीएमसीच्या शेजारच्या खांबाला हवेचा पीयू (प्लास्टिकचा) पाइप बांधून त्याचं तोंड स्टुलाकडे केलेलं. तिथे ऑपरेटर बसतो. पंखा! ३ मिलिमीटरचं भोक असेल. त्याला ओरडलो नाही, कारण त्या कोपऱ्यात खरंच वारा येत नाही. उद्या साधा भिंतीवरचा पंखा लावतोय.

---

उष्मागतिकी
रविवार, दुपारी २:००

३ मिलिमीटरचं भोक ७ बारला तीन किलोवॅटच्या आसपास खातं. भिंतीवरचा पंखा ६० वॅट. आणि त्याला हेही सांगा की ती हवा अंगावर, कानात, जखमेवर घेणं जिवावर बेतू शकतं. पाळी सुटताना कपडे झाडायला एअर गन वापरतात तेही बंद करा.

---

गरम_चंद्रपूर
रविवार, दुपारी २:२०

जाता जाता प्रेशर सेटिंगही बघा. आमचं ८.५ होतं, का तर "जास्त असलेलं बरं". साडेसहाला सगळं चालतं. बारमागे सहा-सात टक्के वीज वाचते आणि दाब कमी म्हणजे गळतीही कमी.

---

पाना_नंबर_१२
रविवार, संध्याकाळी ६:१०

आता माझा सल्ला. ५ एचपीचा एक छोटा पिस्टन कॉम्प्रेसर घ्या. एफएडी १५ सीएफएम असला तरी बास. लाइट गेली की ब्लास्टिंग बंद, ४० एचपी बंद, सीएनसीच्या लाइनीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी न जाऊ देणारा) आणि हा छोटा. त्याचा करंट साडेसात अँपिअर, डीजीला कळणारही नाही.

---

बे_एरिया_अण्णा
रविवार, संध्याकाळी ६:४०

त्यापेक्षा ४० एचपीलाच व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावा की! इथे सगळीकडे तेच. सुरुवातीचा झटका नाही, हवा लागेल तेवढाच वेग, अनलोडवर नुसतं फिरण्यात जाणारी ३० टक्के वीज वाया जात नाही. ब्लास्टिंगही चालू राहील.

---

पाना_नंबर_१२
रविवार, संध्याकाळी ७:०५

अण्णा, लाइनवर ते उत्तम आहे, विशेषतः अर्धा वेळ अनलोड असेल तर. पण एवढ्याशा डीजीवर तेवढा मोठा व्हीएफडी म्हणजे हार्मोनिक्सचा ताप. ड्राइव्ह करंट तुकड्या-तुकड्यांत ओढतो, डीजीचं व्होल्टेज वेडंवाकडं होतं, एव्हीआर बावचळतो आणि शेजारच्या सीएनसीचे ड्राइव्ह कुरकुरतात. चोक (करंट गुळगुळीत करणारी कॉइल) लावून, अल्टरनेटर मोठा घेऊन जमवता येतं. पण मग खर्च कॉम्प्रेसरवर नाही, डीजीवर वाढतो. आणि लाइट आठवड्यातून तीन-चार तास जाते. तेवढ्यासाठी ब्लास्टिंग थांबू द्या ना. गंजलेला माल चार तासांत आणखी गंजत नाही.

---

बे_एरिया_अण्णा
रविवार, संध्याकाळी ७:११

मान्य. तास किती ते मी विचारलंच नव्हतं.

---

निवृत्त_वायरमन
रविवार, रात्री ८:३०

पाना, तुमचं बरोबर, पण एक आडवा मुद्दा. मशीनं दहा, छोटा कॉम्प्रेसर सरासरी तीन, दिवे-पंखे दीड. साडेचौदा किलोवॅट. ४५ च्या डीजीवर ३२ टक्के. इंजिन थंड पडेल. ३० च्या खाली तासन् तास चालवलं तर डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकतं, रिंगा चिकटतात. लिटरला साडेतीन सोडा, पावणेतीनही मिळणार नाहीत.

---

शॉपफ्लोअर
रविवार, रात्री ९:००

म्हणजे आधी डीजी लहान पडत होता आणि आता मोठा पडणार? देवा रे.

---

शॉपफ्लोअर
पाच आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

गळती २५ वरून ९ टक्क्यांवर आली. होज नवा, एफआरएलची वाटी नवी, ड्रेनला टायमरवाला व्हॉल्व्ह. खर्च पाच आकड्यांत गेला नाही. प्रेशर ७.८ वरून ६.८ केलं. कुणालाच कळलं नाही, म्हणून मी सांगितलंही नाही.

जुना ५ एचपी मिळाला. घेण्याआधी सांगली_गॅरेजची टाकी-परीक्षा घेतली. विकणारा म्हणाला २० सीएफएम, स्टॉपवॉच म्हणालं १५. २० चेच पैसे मागत होता, १५ चे दिले.

आता डिझेल. परवा बरोबर तीन तास लाइट नव्हती. टाकी आधी काठोकाठ, नंतर काठोकाठ. १६ लिटर. डीजीच्या मीटरवर ४३ युनिट. लिटरला २.७. काकांनी सांगितलं होतं तसंच, कार्यक्षमता ३.४ वरून २.७ वर घसरली. आणि डिझेल ३३ वरून १६ वर आलं.

हे दोन आकडे मी वहीत शेजारी-शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. ब्रोशरवर कार्यक्षमता बघून डीजी निवडला असता तर मी आयुष्यभर ३३ लिटर अभिमानाने जाळले असते.

सायलेन्सरमधून अजून काही ठिबकत नाही. महिन्यातून एकदा तासभर ४० एचपी चढवून डीजीला घाम काढतो. काकांच्या पद्धतीने, चहा पिऊन, काटा उतरल्यावर.

आता प्रश्न असा की हा ६२.५ विकून ४० केव्हीए घ्यावा का? नवीन घेतला तर तो १ जुलै २०२३ पासूनच्या सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार-प्लस नियमातला, म्हणजे कमी धुराचा मिळेल, किंमत चांगलीच वर आहे. जुना घेतला तर परत कुणाच्या तरी नेमप्लेटवरचं ग्रीस पुसा.

---

तांबडा_पांढरा
शनिवार, रात्री १०:३४

विकू नकोस भावा. लग्नसराईत मंडपवाल्याला भाड्याने दे. फक्त त्याला सांग, प्राइम ५६ आहे, डीजेवाल्याने स्टँडबाय वाचू नये.

---

निवृत्त_वायरमन
रविवार, सकाळी ६:५०

४० घ्यायच्या आधी व्हीएमसीचं स्पिंडल एकदम वेग घेतं तेव्हा किती अँपिअर जातात ते मोजा. तिन्ही मशीनं एकाच वेळी सुरू करून. टाँगटेस्टरवर मॅक्सचं बटण असतं.